सोलापूरहून सायकल रेल्वेनं नेताना

सायकल रेल्वेनं न्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी पैसे किती लागतील ते विचारतात. पैसे हा यातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. आधी बघायचं ते हे, की गाडी स्टेशनात उभी किती वेळ राहते. सायकल मोडते, हरवते किंवा पुढच्या स्टेशनला निघून जाते ती बहुतेक वेळा घाईत. उभ्या गाडीत सावकाश चढवलेली सायकल सहसा जशीच्या तशी उतरते.

या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत. सिद्धेश्वर एक्सप्रेस इथून सुटते आणि मुंबईला संपते. हुतात्मा एक्सप्रेस इथून सुटते आणि पुण्याला संपते. दोन्ही टोकांना गाडी निवांत उभी असते, ब्रेकव्हॅनचं (सामानाच्या डब्याचं) दार उघडं असतं आणि हमालाला शिट्टीची धास्ती नसते. उद्यान किंवा कोणार्कसारख्या लांबून येऊन लांब जाणाऱ्या गाड्यांचं तसं नाही. त्या सोलापुरात काही मिनिटं टेकतात. तेवढ्यात आधीचा माल उतरायचा, नवा चढायचा आणि तुमची सायकल त्या ढिगात कुठेतरी बसायची. त्यामुळे पुण्या-मुंबईला जाणार असाल तर इथून सुटणारीच गाडी धरा, तिकीट मिळायला दोन दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

वंदे भारतचा विचार सोडून द्या. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. गाडी छान आहे, पण ती अखंड संच आहे आणि तिला ब्रेकव्हॅनच नाही. सायकल ठेवणार कुठे?

ब्रेकव्हॅन म्हणजे गाडीच्या टोकाला असणारा अर्धा माणसांचा, अर्धा सामानाचा डबा. रेल्वेच्या भाषेत एसएलआर. जुन्या निळ्या डब्यांच्या गाड्यांत असे डबे सहसा दोन्ही टोकांना असतात. नव्या पद्धतीच्या डब्यांच्या (एलएचबी) गाड्यांत पुष्कळदा त्या जागी जनरेटरचा डबा असतो आणि सामानाची जागा त्यातच कोपऱ्यात उरते, म्हणजे कमी. त्यात आणखी एक भानगड अशी की या डब्यांतले काही कप्पे रेल्वे ठेकेदारांना लीजवर देते. तुम्हाला कप्पा रिकामा दिसतो आणि क्लार्क सांगतो "जागा नाही". तो खोटं बोलत नसतो, तो कप्पा त्याच्या हातात नसतो. म्हणून तिकीट काढण्याआधीच पार्सल ऑफिसला चक्कर मारून विचारा, "या गाडीला रेल्वेचा स्वतःचा कप्पा कुठला? सायकल घेता का?" दहा मिनिटांचं काम आहे.

लगेज की पार्सल

खिडकीवर पहिला प्रश्न हाच येतो आणि इथेच नवखा माणूस फसतो. लगेज म्हणजे तुमच्याकडे त्या गाडीचं तिकीट आहे आणि सायकल तुमच्याबरोबर, त्याच गाडीनं जाणार. पार्सल म्हणजे सायकल एकटी जाणार, जागा होईल त्या गाडीनं, तुम्ही प्रवास करा नाही तर घरी बसा. मुलगा आधीच पुण्याला कॉलेजात गेलाय आणि मागाहून सायकल पाठवायचीय, तर पार्सल ठीक आहे. पण रविवारी सकाळी पुण्यातून पॅडल मारायला निघायचं असेल तर लगेजच. खिडकीवर स्पष्ट बोला: "मॅडम, सायकल लगेजमध्ये टाकायचीय, तिकीट कन्फर्म आहे, त्याच गाडीनं जायचंय." नुसतं "सायकल पाठवायचीय" म्हणालात की समोरून पार्सलचाच फॉर्म येतो.

स्लीपरला ४० किलो, सेकंड क्लासला ३५ किलो, एसी टू-टियरला ५० किलो सामान फुकट नेता येतं, हे खरं. पण ही सूट सायकल-स्कूटरला लागू नाही. तुमच्याकडे पाठीवरची एकच पिशवी असली तरी सायकलचे पैसे वेगळे भरावे लागतात. भाडं वजन आणि अंतरावर ठरतं, किमान १० किलो आणि ५० किलोमीटर धरतात. न भरता डब्यात घुसवली आणि तपासनीसानं धरली तर लगेजच्या दराच्या सहापट वसुली होऊ शकते.

कागद फार लागत नाहीत. तिकीट, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, सायकलच्या बिलाची झेरॉक्स. बिल हरवलं असेल तर निदान फ्रेम नंबर लिहून न्या. सायकल उलटी केली की पॅडलचा आस जिथून जातो त्या नळीच्या खाली तो कोरलेला असतो. चिखल पुसून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फॉर्मवरही तो नंबर लिहा. काळी बावीस इंची सायकल म्हटली तर गोदामात चार सारख्या निघतात.

फॉर्ममध्ये किमतीचा रकाना असतो आणि लोक तो मोकळा सोडतात. तिथं जरा थांबा. किंमत जाहीर केली नाही आणि तिच्यावरचा टक्केवारी आकार भरला नाही, तर हरवलेल्या लगेजची रेल्वेची जबाबदारी किलोला १०० रुपयांपुरतीच असते. पंधरा किलोची सायकल म्हणजे १५०० रुपये. साध्या सायकलवाल्यानं हे मनावर घ्यायचं कारण नाही, पण चाळीस हजारांची गिअरची सायकल असेल तर तो आकार निमूट भरावा. आणि मुळात सामान बुक करून पावती घेतलेली नसेल तर १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर येतच नाही. गार्डसाहेबांच्या ओळखीवर चढवलेली सायकल म्हणूनच महागात पडू शकते.

पॅकिंग: जितकं कमी खोलाल तितकं बरं

विमानानं सायकल नेणाऱ्यांचे व्हिडिओ बघून लोक इथंही दोन्ही चाकं काढून खोक्यात भरतात. रेल्वेसाठी हे उलट पडतं, असं माझं ठाम मत आहे. चालती सायकल हमाल ढकलत नेतो. खोका तो उचलतो, आणि उचललेली वस्तू कुठेतरी टाकावीच लागते. शिवाय चौकोनी खोका दिसला की त्यावर दुसरं काही रचायचा मोह होतो. हँडल वळवलेली, पॅडल काढलेली, पण स्वतःच्या चाकांवर उभी असलेली सायकल भिंतीला टेकवून ठेवली जाते. ती उभी राहिली की निम्मं काम झालं.

पॅडल काढायलाच हवं, कारण शेजारच्या गाठोड्यात घुसणारा आणि माणसाच्या नडगीवर बसणारा भाग तोच. १५ चा बारीक जाडीचा पाना लागतो, काही पॅडलना आतून ६ किंवा ८ ची ॲलन की (षटकोनी किल्ली). डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे माहीत असूनही ऐन वेळी माणूस गोंधळतो. त्यावर एक सोपी खूण आहे. पाना पॅडलवर वरच्या दिशेनं उभा बसवा आणि त्याचं टोक मागच्या चाकाकडे ओढा. डावं असो की उजवं, दोन्ही असंच सुटतं. बसवताना टोक पुढच्या चाकाकडे. चुकीच्या बाजूला जोर लावला तर पॅडल आणखी घट्ट बसतं, आणि ॲल्युमिनियमच्या क्रँकमध्ये (पॅडल ज्यात बसतं त्या दांड्यात) वाकडं घुसवलं तर आटेच जातात. मग क्रँक बदलण्यावाचून इलाज नाही. म्हणून सुरुवातीचे तीन-चार फेरे नेहमी बोटांनी फिरवा, पाना नंतर. आट्यांवर चिमूटभर ग्रीस लावलं तर पुढच्या वेळी स्वतःलाच धन्यवाद द्याल.

हँडलचे दोन प्रकार. जुन्या पद्धतीच्या सायकलला वरून एक लांब बोल्ट असतो. तो दोन-तीन फेरे सैल करून त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं की आतली पाचर सुटते आणि हँडल फिरतं. बोल्ट पूर्ण काढू नका, पाचर आत पडली तर चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) उलटा करून ती काढत बसावं लागतं. नव्या सायकलींना स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बाजूला दोन बोल्ट असतात, बहुधा ४ किंवा ५ च्या ॲलनचे. ते दोन सैल करा, हँडल नव्वद अंशात वळवा, पुन्हा बेताचे आवळा. वरच्या टोपीचा बोल्ट मात्र छेडू नका. वरच्या-खालच्या बेअरिंगचा ताण त्यावर ठरलेला असतो. तो सुटला की हँडलमध्ये खेळ येतो आणि ब्रेक दाबल्यावर पुढून कटकट असा आवाज येऊ लागतो.

आता सगळ्यात नाजूक जागा, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. तो ज्या पट्टीवर टांगलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात, म्हणजे धक्का बसला तर फ्रेम न वाकता तोच वाकतो. हेतू चांगला आहे, पण ब्रेकव्हॅनमध्ये सायकल उजव्या अंगावर पडली की तो वाकणारच. नुसत्या डोळ्यांना हे कळत नाही. कळतं ते उतरल्यावर, चढावर सगळ्यात मोठ्या चक्राचा गिअर टाकल्यावर, जेव्हा डिरेलर चाकाच्या तारांत अडकतो. यावर दोन उपाय. सोपा उपाय म्हणजे चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर आणून ठेवायची, म्हणजे डिरेलर आत सरकतो आणि बाहेर कमी डोकावतो. पक्का उपाय म्हणजे ५ ची ॲलन लावून डिरेलर हँगरवरून सोडवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधायचा. केबल किंवा चेन काढायची गरज नाही. नेमका हा हँगर सायकलीगणिक वेगळा असतो आणि अनोळखी गावात ऐन वेळी मिळत नाही. शे-दोनशे रुपयांचा एक जादा हँगर पिशवीत असावा.

ट्यूबच्या पट्ट्यांबद्दल सांगायचं राहिलं. पंक्चरवाल्याकडे टाकून दिलेल्या ट्यूब असतात, मागितल्या की देतो. कात्रीनं बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. सुतळीपेक्षा त्या चांगल्या, कारण त्या ताणतात, सैल पडत नाहीत आणि रंगाला घासत नाहीत. झिप टायही चालतात, पण पोचल्यावर कापायला काहीतरी लागतं आणि ते नेमकं घरी राहतं.

डिस्क ब्रेक असेल तर रोटरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या पातळ थाळीला) पुठ्ठ्याच्या दोन चकत्या लावून सँडविच करा. रोटर जरा जरी वाकला तरी प्रत्येक फेऱ्याला खर्र-खर्र करत राहतो. काही कारणानं चाक काढावंच लागलं आणि ब्रेक हायड्रॉलिक असेल, तर पॅडच्या फटीत जाड पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवा. मोकळ्या फटीवर कुणी लिव्हर दाबला की पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर आत जात नाही. चाक काढलेल्या चिमट्यात अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा नेमका १०० मिलिमीटरचा तुकडा बसवा. पुढच्या चिमट्याच्या दोन टोकांतलं साध्या क्विक-रिलीजचं (पान्याशिवाय, खटका उघडून निघणाऱ्या चाकाचं) अंतर तेवढंच असतं. मागे बहुतेक एमटीबींना (डोंगरी सायकलींना) १३५, रोड बाइकना १३०. नव्या थ्रू-एक्सलच्या (चिमट्यातून आरपार जाणाऱ्या जाड आसाच्या) सायकलींची मापं वेगळी, ती पट्टीनं मोजून घ्या. पाइप नसेल तर वरून दाब आल्यावर चिमट्याचे पाय एकमेकांकडे झुकतात.

तारांसाठी चाकाएवढे पुठ्ठ्याचे गोल कापा आणि चारही बाजूंना बांधा. सायकलच्या दुकानात नव्या सायकलींचे रिकामे खोके असतात, दोन खोक्यांत काम भागतं. फ्रेमवर काय गुंडाळायचं हे सोलापुरात सांगायला नको. घरोघरी झिजलेली चादर आणि विरलेला टॉवेल असतो. जुनी सोलापुरी चादर लांबीत दोन भाग करून गुंडाळली तर बबल रॅपपेक्षा टिकाऊ, फाटत नाही आणि गावाला पोचल्यावर अंथरायलाही होते. नवी चादर मात्र गुंडाळू नका, सायकल पोचेल पण चादरीची खात्री नाही. वरून गोणपाट हवं असेल तर दाभण आणि सुतळीनं शिवून घ्या. बऱ्याच पार्सल ऑफिसांच्या आसपास पॅकिंगवाले असतात, ते पैसे घेऊन शिवून देतात. त्यांचा हात पक्का असतो, फक्त ते डिरेलरवरून सुतळी आवळतात, तेवढ्या जागी उभं राहून लक्ष द्या.

पॅकिंग नीट नाही असं दिसलं तर तसा शेरा पावतीवर पडतो. तो शेरा पुढे नुकसानभरपाईच्या आड येतो. म्हणून निदान वरून बघणाऱ्याला गुंडाळलेली वाटेल इतकी तरी गुंडाळा.

हवा सोडायची गरज नाही. विमानाची ती सवय इथं चुकीची, हवा असली की रिम वाचते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो आणि उन्हात उभा पत्र्याचा डबा त्याहून तापतो, तेव्हा रोड बाइकच्या टायरमधली दहा-पंधरा पीएसआय कमी करा, बस्स. बाटली, पंप, दिवे, सीटखालची पिशवी, घंटी, जे जे हातानं निघतं ते काढून स्वतःबरोबर न्या. काढलेले पॅडल आणि पानेसुद्धा. सायकलला बांधलेल्या पिशवीत ठेवलेले पॅडल हरवले तर धड असलेली सायकल हातात धरून स्टेशनबाहेर चालत जावं लागतं.

शेवटी पुठ्ठ्याची पाटी. पोस्टकार्डाच्या दुप्पट आकाराचे दोन पुठ्ठे घ्या, एक हँडलला आणि एक सीटखाली बांधा. जाड मार्करनं लिहा: सोलापूर ते पुणे, गाडीचं नाव, तारीख, नाव, मोबाइल, आणि खाली चार बोटं जागा मोकळी. ती जागा रेल्वेची. पावतीचा नंबर ते तिथं टाकतात. पाटी नसली तर तो नंबर खडूनं किंवा रंगानं सरळ सायकलवर पडतो. फ्रेमवरचा ऑइलपेंट मग रॉकेलनं पुसत बसा. तिसरी एक चिठ्ठी सीटच्या दांड्याच्या पोकळीत गुंडाळून टाका, बाहेरच्या पाट्या तुटल्या तरी सायकल कुणाची हे त्यातून कळतं. आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात "गिअरची बाजू वर" असं लिहा. सगळेच वाचतात असं नाही, पण काही जण वाचतात.

स्टेशनात

नियम सांगतो की लगेज गाडी सुटायच्या निदान अर्धा तास आधी ऑफिसात द्यावं. तो अर्धा तास पुरत नाही. फॉर्म, तोलकाटा, पैसे, पावती, नंबर टाकणं, मग हातगाडीवरून फलाटावर, आणि मधेच क्लार्क चहाला. दोन तास आधी पोचा. हुतात्मा पहाटेची असल्यामुळे आदल्या संध्याकाळीच जाऊन "पहाटे खिडकी किती वाजता उघडते, सायकल आत्ताच देऊन ठेवू का" हे विचारून घेणं उत्तम.

पावती मिळाली की त्यावरचं नाव, कुठून कुठे, नग किती आणि वजन, एवढं जागेवरच वाचा. चूक तिथंच दुरुस्त होते, पुण्यात होत नाही. पावतीचा फोटो काढा, पण मूळ कागद खिशात जपा. ती हरवली तर सायकल सोडवायला बाँड लिहून द्यावा लागतो आणि अर्धा दिवस जातो.

सायकल दिली आणि जाऊन डब्यात बसलो, असं करू नका. ती चढताना फलाटावर उभे राहा. हमालदादांना बोलायचं ते इतकंच: दाराजवळ, उभी, गिअर भिंतीकडे नको. कुठल्या टोकाच्या ब्रेकव्हॅनमध्ये गेली हे लक्षात ठेवा. वाटेत इंजिन उलट बाजूला लागलं तर पुढचं टोक मागे होतं, उतरल्यावर चुकीच्या दिशेला पळायला नको. गार्ड, म्हणजे २०२२ पासूनचे ट्रेन मॅनेजर, टोकाशीच असतात. आपली सायकल कुठे उतरायची हे त्यांच्या कानावर घालून ठेवावं.

दक्षिणेकडून मुंबईच्या गाडीनं परतताना सोलापूर मधलं स्टेशन असेल तर धोका वेगळा. मुंबईचा माल दाराशी, सोलापूरची सायकल पार आत, आणि थांबा संपला की ती गाडीबरोबर पुढे. याला ओव्हरकॅरी म्हणतात. हे होऊ नये म्हणून चढवतानाच "सोलापूरला उतरायचीय" हे सांगायचं, आणि सोलापूर आलं की सामान खांद्यावर टाकून थेट ब्रेकव्हॅनकडे निघायचं. झालंच तर गाडी सुटल्याबरोबर पार्सल ऑफिसात सांगा. पुढच्या थांब्याला, कुर्डुवाडी किंवा दौंडला, निरोप लगेच गेला तर सायकल तिथंच उतरून परतीच्या गाडीनं येते. दुसऱ्या दिवशी सांगाल तर ती मुंबईच्या गोदामात शोधावी लागेल. छोट्या स्टेशनांची गोष्टच वेगळी. पाच मिनिटांपेक्षा कमी थांबा असलेल्या स्टेशनसाठी बहुधा बुकिंगच घेत नाहीत. भिगवणला फ्लेमिंगो बघायला सायकल न्यायची असेल तर दौंडपर्यंत बुक करा आणि तिथून तीस-पस्तीस किलोमीटर चालवत या.

सायकल ताब्यात घेताना सही करायच्या आधी ती बघा, सही केल्यावर नव्हे. चाक फिरवून आऊट आलाय का, हँगर मागून बघितल्यावर सरळ आहे का, फ्रेमच्या जोडांपाशी रंग तडकलाय का. नुकसान दिसलं तर तपासून डिलिव्हरी हवी असं लेखी मागा, पावतीवर शेरा घ्या, फोटो काढा. भरपाईची नोटीस सहा महिन्यांच्या आत द्यावी लागते. सहीनंतरची तक्रार कुणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतंही नाही. सायकल सोडवायला उशीरही करू नका, ठरावीक मुदतीनंतर व्हार्फेज, म्हणजे पडून राहिल्याचं भाडं, चढू लागतं.

घडीची सायकल

डब्यात सोबत न्यायची तर घडीचीच, पण तीही कुठलीही नाही. डब्यात न्यायच्या पेटीची कमाल मापं १०० × ६० × २५ सेंटिमीटर. एसी थ्री-टियर आणि चेअरकारला आणखी कमी, ५५ × ४५ × २२.५. आता चाकाचा हिशेब करा. रोड बाइकचं चाक टायरसकट जवळजवळ ६८ सेंटिमीटर, सव्वीस इंची एमटीबीचं साधारण ६६. दोन्ही साठच्या बाहेर. वीस इंची घडीच्या सायकलचं चाक पन्नासच्या आसपास, ते साठात बसतं. जाडीत मात्र बहुतेक घडीच्या सायकली तीस-पस्तीसला जातात, कारण घडी घातल्यावर पॅडल, हब आणि हँडल एकावर एक येतात. एका बाजूचं पॅडल काढलं तर सात-आठ सेंटिमीटर वाचतात. कागदावर तरीही ती थोडी बाहेरच राहते. कापडी पिशवीत घातलेली, तेल न गळणारी आणि खालच्या बर्थखाली गेलेली सायकल सहसा कुणाला खुपत नाही. दारापाशी किंवा दोन डब्यांच्या मधे ठेवलेली खुपते, आणि खुपायलाच हवी. एसी थ्रीपेक्षा स्लीपर बरा, कारण मापही मोठं आणि वातावरणही सैल.

चेन आधी कोरड्या फडक्यानं पुसा. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यांतून सुताचा वेस्ट किलोवर मिळतो, त्याच्यासारखं तेल टिपणारं दुसरं काही नाही. शेजारच्या आजींच्या पांढऱ्या लुगड्याला चेनचा काळा पट्टा उमटला तर कुठलाच नियम तुमच्या बाजूनं उभा राहणार नाही.

खिडकीच्या गजांना बाहेरून सायकल अडकवायची पद्धत पॅसेंजर गाड्यांत पूर्वी सर्रास दिसायची, दुधाच्या कॅनबरोबर. आता शेजारून दुसरा लोहमार्ग आहे आणि वर २५ हजार व्होल्टची तार. ते करू नका.

स्टेशनवर सायकल ठेवायची तर

रोज अप-डाऊन करणाऱ्याला सायकल गाडीत न्यायचीच नसते, दिवसभर सुरक्षित ठेवायची असते. पैसे घेऊन ठेवणारा स्टँड असेल तर मासिक पास काढा आणि रात्री स्टँड किती वाजता बंद होतो हे आधी विचारा, नाही तर उशिरा आलेल्या गाडीतून उतरून कुलूपबंद फाटकासमोर उभं राहावं लागेल. कुलूप पुढच्या चाकाला लावू नका. क्विक-रिलीज असेल तर चोर चाक तिथंच सोडून बाकीची सायकल नेतो. मागचं चाक आणि फ्रेम मिळून एखाद्या जमिनीत गाडलेल्या पाइपला लावा. आणि सावली शोधा. इथल्या उन्हात चार महिने उभ्या सायकलच्या टायरच्या कडा तडकतात, सीटचं रेक्झिन फाटतं. चोरीपेक्षा ऊन सायकली जास्त खातं.

स्टँड कसा असावा हे ठरवणाऱ्यांनी एकदा सायकल लावून बघावी. पुढचं चाक खोबणीत घालायचे जे लोखंडी सापळे असतात ते कुचकामी, शेजारची सायकल कलली की चाकाला आऊट येतो आणि फ्रेमला कुलूप लावायला जागाच नसते. त्याऐवजी उलट्या यू आकाराचा साधा पाइप, पाऊण मीटर उंच, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली. एका मोटारीच्या जागेत दहाएक सायकली उभ्या राहतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट स्टेशनखाली २०१९ पासून साडेबारा हजार सायकलींचा तळ आहे. तेवढं कुणी मागत नाही. ६ ऑगस्ट २०२३ ला अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली, त्या नकाशांत मोटारींच्या रांगांशेजारी पन्नास पाइप बसले असते तरी पुष्कळ होतं.

दुसरी स्वस्त गोष्ट म्हणजे पादचारी पुलाच्या जिन्याला कडेनं लोखंडी पन्हळ. दहा सेंटिमीटर रुंद पन्हळीत चाक ठेवलं की पंधरा किलोची सायकल ढकलत वर जाते, खांद्यावर घ्यावी लागत नाही. फक्त ती कठड्याला चिकटवून बसवू नये. हँडल साठ सेंटिमीटरचं असेल तर चाकाच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस सेंटिमीटर लागतात, नाही तर हँडल गजांना घासत जातं आणि लोक पन्हळ सोडून पायऱ्यांवरूनच सायकल आपटत नेतात. मेट्रोंमध्ये कोचीनं २०२० मध्ये सायकल डब्यात न्यायला परवानगी दिली, नागपूर मेट्रोतही नेता येते. मोठ्या रेल्वेला ते लगेच जमणार नाही, पण पन्हळीला काय लागतं?

जायचं कुठे

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. म्हणून जून ते सप्टेंबर सायकल गाडीनं पुण्याला न्या आणि चालवत सोलापूरला या, उलट नको. पुणे साडेपाचशे मीटरच्या वर, सोलापूर साडेचारशेच्या आसपास. अडीचशे किलोमीटरच्या रस्त्यात एवढ्या उताराचं काही जाणवत नाही, पण पाठीवरचा वारा जाणवतो. दोन दिवस लावा, मुक्काम इंदापूर किंवा भिगवणला. अक्कलकोटला जायचं तर गाडीचा उपयोगच नाही. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर बाहेर आहे आणि सोलापूरहून रस्त्यानं सगळं मिळून चाळीसच होतं. तुळजापूरला तर रेल्वेचा प्रश्नच येत नाही, पंचेचाळीस किलोमीटर आहे, शेवटी घाट आहे, पहाटे पाचला निघालं की उन्हाआधी पोचता येतं.

पंढरपूर एका बाजूनं सायकलीवर आणि परत कुर्डुवाडीमार्गे गाडीनं, हा बेत चांगला आहे. फक्त आषाढीच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे चार दिवस सोडून. त्या दिवसांत डब्यात वारकऱ्यांनाच पाय ठेवायला जागा नसते, ब्रेकव्हॅनच्या दारातही माणसंच उभी असतात.